श्रीनगरहून ठाण्याला परतताना: नग, रांगा आणि गाडी

काश्मीरच्या सहलीचा जायचा दिवस सगळे नीट आखतात. परतीचा दिवस मात्र "नाश्ता करून निघू" एवढ्यावर सोडून देतात. श्रीनगर ते मुंबई विमान हवेत पावणेतीन-तीन तासच असतं, पण हॉटेलच्या दारापासून घराच्या दारापर्यंत नऊ-दहा तास सहज जातात. तो वेळ दोन टोकांना जातो: तिकडे श्रीनगर विमानतळाची तपासणी आणि इकडे मुंबईच्या सहार विमानतळापासून ठाण्यापर्यंतचा रस्ता. खालचा सगळा हिशोब दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आजी अशा पाच जणांचा धरला आहे.

तिकीट काढताना

तिकीट बघताना विमान सुटण्याची वेळ सगळे पाहतात, उतरण्याची वेळ फारसं कोणी पाहत नाही. श्रीनगरहून अडीचला सुटणारं विमान साडेपाचच्या आसपास मुंबईत टेकतं. सामान हातात येऊन गाडीत बसेपर्यंत साडेसहा होतात आणि तुम्ही नेमके ऑफिसच्या गर्दीत पवईच्या रस्त्यावर येता. मे महिन्यात सकाळी दहाच्या आसपासचं विमान चांगलं. एकच्या सुमाराला उतरता, अडीच-तीनपर्यंत घरी पोचता. त्यासाठी हॉटेल सहाला सोडावं लागतं, पण थकलेली मुलं सकाळी गाडीत झोपतात. संध्याकाळी सातला त्याच गाडीत ती रडतात.

थंडीत हिशोब उलटा होतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचं चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, सुरू होतं. त्या काळात धुकं आणि बर्फ यांमुळे सकाळची विमानं रखडतात किंवा रद्द होतात. तेव्हा दुपारचं विमान घ्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस-शाळा ठेवू नका. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक मागता येतं. हे काउंटरवर आपणहून कोणी सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

तिकिटावर आणखी तीन गोष्टी तपासा.

पहिली, कुठे उतरणार. सहारचं टर्मिनल २, सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं नवी मुंबई विमानतळ अशी तीन ठिकाणं आहेत. तिकिटावर शहराचं नाव वरवर सारखं दिसलं तरी संकेत वेगळा असतो: जुन्या विमानतळाचा बीओएम, नव्या विमानतळाचा एनएमआय. आणायला येणारा भाऊ किंवा मेहुणा चुकीच्या टर्मिनलला उभा राहिला तर भर गर्दीत पाऊण तास गेलाच.

दुसरी, लहान मुलाचं वय. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण सहलीतच त्याचा दुसरा वाढदिवस झाला तर परतीला त्याला स्वतंत्र सीट लागते. जन्मदाखला जवळ ठेवा.

तिसरी, पीएनआर. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी एकाशेजारी बसवावं, असे विमान कंपन्यांना डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे २०२४ पासून निर्देश आहेत. मूल मावशीच्या पीएनआरवर असेल तर आई-वडिलांशेजारी बसवण्याला हा आधार राहत नाही. चेक-इन सामानाचं वजनही साधारणपणे एकाच पीएनआरवर एकत्र धरतात. पाच जण एका पीएनआरवर असले तर १५ किलोप्रमाणे ७५ किलो होतात. मग एका बॅगेत १८ आणि दुसरीत ११ असले तरी चालून जातं.

शेवटची रात्र

शेवटची रात्र श्रीनगरमध्येच, आणि जमिनीवर काढा. पहलगामहून विमानतळ नव्वदेक किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असताना अडीच-तीन तास लागतात. पण वाटेत राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो आणि लष्कराचा ताफा आला की बाकीची वाहनं थांबवून ठेवतात. किती वेळ, ते ड्रायव्हरच्या हातात नसतं.

हाउसबोट पहिल्या रात्रीसाठी सुंदर. परतीच्या सकाळी मात्र पाच माणसं आणि नऊ नग शिकाऱ्यातून काठावर आणायचे म्हणजे दोन फेऱ्या, ओल्या पायऱ्या आणि आजीची कसरत. बुलेव्हार्ड किंवा राजबागेतलं, गाडी दारापर्यंत येणारं साधं हॉटेल घ्या.

आदली संध्याकाळ: वजन

काश्मीरहून परतताना सामान वाढतंच: अक्रोड, कहवा, शाली, पेपर माशेचे डबे आणि मुलाने हट्टाने घेतलेली बॅट. रिकाम्या बॅगेचं वजन लोक विसरतात. कडक कवचाची मोठी बॅग रिकामीच चार-साडेचार किलोची असते, म्हणजे १५ किलोतला जवळजवळ तिसरा हिस्सा. खरेदी करायची हे माहीत असेल तर जातानाच एक घडीची कापडी डफल घेऊन जा. ती किलोभराची असते आणि येताना तिच्यात लोकरीचे कपडे दाबून बसतात.

लटकवायचा छोटा काटा घरून न्या. नसेल तर सुकामेव्याच्या दुकानदाराला विचारा. दहा-पंधरा किलो तोलणारा काटा त्याच्याकडे असतो आणि खरेदी केलेल्या गिऱ्हाइकाला तो नाही म्हणत नाही. वजन जास्त भरलं तर रात्रीच विमान कंपनीच्या अ‍ॅपवर जादा सामान घ्या. ते काउंटरवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. काउंटरवर किलोमागे काहीशे रुपये लागतात. चार किलो अक्रोडावर तेवढे मोजले तर ते ठाण्याच्या बाजारातल्यापेक्षा महाग पडतील.

शेवटच्या संध्याकाळी कपडे धुऊ नका. डोंगरातल्या हवेत जाड मोजे आणि थर्मल रात्रीत वाळत नाहीत, आणि ओली लोकर वजनाला भारी.

कुठे काय ठेवायचं त्यात गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर.

केबिन बॅग माणशी एक, सात किलोपर्यंत, साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. केशर, दागिने, औषधं, कागदपत्रं, घराची किल्ली आणि पॉवर बँक हिच्यातच. किल्लीवर जोर देण्याचं कारण असं, की बॅग मागे राहिली तर किल्लीही मागे राहते आणि रात्री दहाला कुलूपवाला शोधावा लागतो. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. एक्स-रेमध्ये दिसली की तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. वरचं छापील लेखन पुसलेलं असेल तर मात्र वाद होतो.

बॅट, ट्रेकिंगची काठी, चाकू, मिरची पूड, मसाले, लोणचं, तूप हे चेक-इनमध्ये. बॅट बॅगेत मावत नसेल तर हँडलला जुना स्वेटर गुंडाळून, चिकटपट्टी लावून वेगळा नग करा. लायटर आणि काडेपेटी कुठेच नाही.

वैष्णोदेवी करून आला असाल तर प्रसाद नीट तपासा. सुक्या खोबऱ्याची वाटी केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. खोबऱ्यात तेल खूप असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. ते आदल्या रात्रीच हॉटेलमधल्या मंडळींना वाटून टाका. आजीला हे विमानतळावर नाही, आदल्या रात्रीच समजवा.

सगळं बांधून झालं की नग मोजा आणि आकडा पाचही जणांना पाठ करायला लावा. समजा चार चेक-इन, चार केबिन आणि एक बॅट: नऊ. गाडीत बसताना, विमानतळाबाहेरच्या तपासणीतून निघताना, मुंबईत सामानाच्या पट्ट्यावरून उचलल्यावर आणि घरच्या गाडीत चढवताना हाच आकडा म्हणायचा. विमानातून उतरताना फक्त केबिनचे चार. मोजायचं काम दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्या. मोठ्यांपेक्षा ते चोख करतं. प्रत्येक चेक-इन बॅगेचा फोटोही काढून ठेवा. हरवल्यावर "निळी, चाकांची" एवढ्यावर बॅग सापडत नाही.

फोनचं एक. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. विमानतळावर बोर्डिंग पास उघडायला बसलात आणि नेट नाही, ही तिथली नेहमीची फजिती. हॉटेलच्या वायफायवर वेब चेक-इन करा, पास फोनमध्ये उतरवून घ्या आणि हॉटेलकडून कागदावरही छापून घ्या. श्रीनगरला हा कागद बराच उपयोगी पडतो.

श्रीनगर विमानतळ

हा विमानतळ इतरांसारखा नाही. इथे साधारण चार टप्पे आहेत. पहिला टप्पा आवाराच्या बाहेरच येतो. गाडी थांबते, सगळे खाली उतरतात, डिकीतलं सगळं सामान एक्स-रेमधून जातं, माणसांची झडती होते आणि मग सामान पुन्हा गाडीत चढवून टर्मिनलपर्यंत जायचं. दुसरा टप्पा टर्मिनलच्या दाराशी, तिकीट आणि ओळखपत्र. तिसरा सामान देण्याचं काउंटर. चौथा सिक्युरिटी. विमानात चढण्याआधी पुन्हा झडती होऊ शकते. सामान ओळखायला बोलावलं तर काउंटरवर मिळालेल्या टॅगच्या चिठ्ठ्या हातात हव्यात. त्या पासपोर्टच्या पाकिटात खोल जाऊन बसल्या की रांग अडते.

वेळ मागून पुढे मोजा. दहाचं विमान असेल तर गेट साधारण २५ मिनिटं आधी, म्हणजे ९:३५ ला बंद होतं. काउंटर ६० मिनिटं आधी, ९ ला. नऊ ही शेवटची मर्यादा आहे, आपलं लक्ष्य आठ. मे महिन्यात आवाराबाहेरच्या तपासणीलाच पाऊण-एक तास जाऊ शकतो, म्हणून त्या नाक्यावर सातला पोचायचं. दल सरोवराच्या बाजूने विमानतळापर्यंत पहाटे पाऊण तास धरा. म्हणजे गाडी सव्वासहाला सुटली पाहिजे, आणि त्यासाठी सगळे नग सहाला खाली. "ड्रायव्हर म्हणाला अर्ध्या तासात पोचतो" याला अर्थ नाही. तो रस्त्याचं बोलतो, रांगेचं नाही.

नाश्ता बांधून घ्या. हॉटेलला आदल्या रात्री सांगितलं की आलू पराठे, उकडलेली अंडी, केळी असं काहीतरी देतात. दही आणि चटणी नको. ती सांडते आणि तपासणीत अडते. गाडीत उलटी होणाऱ्या मुलाला रिकाम्या पोटी बसवू नका, तुडुंबही नको. दोन बिस्किटं आणि पाणी एवढं पुरतं.

तपासणीत कामं वाटून घ्या. सगळे सगळं करायला गेले की हमखास एक मोबाइल ट्रेमध्ये राहतो. बायका आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात, त्यामुळे आई एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला बाहेर पडतात. लहान मूल कोणाबरोबर जाणार ते आधीच ठरवा. पलीकडे जो आधी पोचेल त्याने कोणाची वाट न पाहता थेट ट्रेजवळ उभं राहायचं. जाड जॅकेट, पट्टा, घड्याळ, सुटे पैसे रांगेत असतानाच काढून केबिन बॅगेत टाका.

आजीसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी मागा. ती मुंबईतही लागते. टर्मिनल २ ला गेटपासून पट्ट्यापर्यंतचं अंतर धडधाकट माणसालाही लांब वाटतं. आवाराबाहेरच्या तपासणीत मात्र आजीला गाडीतून उतरून थोडं चालावं लागेल, त्याची मनाची तयारी करून ठेवा.

दिल्लीमार्गे येत असाल तर काउंटरवरच टॅगवर शेवटचं ठिकाण मुंबई छापलंय ना ते पाहा. दोन वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीला सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि टर्मिनल बदलायचं असेल तर तीन तासही कमी पडतात. मुलं बरोबर असताना हे टाळाच.

विमानात

विमान खाली यायला सुरुवात होते ती उतरण्याआधी साधारण अर्धा तास. कान त्याच वेळी दुखतात. झोपलेल्या माणसाचं गिळणं कमी होतं, म्हणून लहान मुलाला तेव्हा उठवा आणि दूध किंवा पाणी पाजा. मोठ्या मुलांना लिमलेटची गोळी चघळायला द्या. सर्दी झालेली असेल तर डॉक्टरांचा सल्ला सहलीआधीच घेऊन ठेवा.

कपडे बदलायचे ते इथेच, उतरण्याआधी. श्रीनगरला सकाळी बारा-चौदा अंश आणि मुंबईत मेमधली घामाची दुपार. थर्मल घालून पट्ट्यापाशी उभं राहिलेलं मूल चिडणारच. केबिन बॅगेत सगळ्यात वर प्रत्येकाचा एक सुती शर्ट ठेवा.

मुंबईत उतरल्यावर

व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला शेवटी उतरवतात. म्हणून इथे दोन गट करा. एक मोठा माणूस आजीजवळ थांबतो, दुसरा मुलांना घेऊन पट्ट्याकडे जातो. गाडी अजून बोलावू नका. पट्ट्यावर पहिली बॅग दिसली की मग बोलवा, नाहीतर वाट पाहण्याचे पैसे चढतात किंवा ड्रायव्हर रद्द करून निघून जातो. ठाण्याहून कोणी आणायला येणार असेल तर हिशोब वेगळा: त्यांनी तुमचं विमान टेकण्याच्या अर्धा तास आधी घर सोडावं. पिकअपच्या लेनमध्ये गाडी उभी करून ठेवू देत नाहीत, त्यामुळे लवकर येऊनही उपयोग नाही.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर बाहेर पडायचं नाही. पट्ट्याच्या हॉलमध्येच विमान कंपनीचा टेबल असतो. तिथे पीआयआर नावाचा अहवाल लिहून घ्या, क्रमांक घ्या, टॅगची चिठ्ठी आणि बॅगेचा फोटो दाखवा. घरी जाऊन फोन करू म्हटलं की प्रकरण रेंगाळतं.

कोणती गाडी

इथे बहुतेक कुटुंबं फसतात. अ‍ॅपवर "सहा सीटर" दिसली की वाटतं, झालं काम. अर्टिगासारख्या गाडीत तिन्ही रांगा उभ्या असताना मागे सुमारे २०९ लिटर जागा उरते, आणि टॅक्सी सीएनजीवर असेल तर टाकी त्याच डिकीत बसलेली असते. मोठी एक बॅगच नव्वद-शंभर लिटरची. पाच जण असाल तर ड्रायव्हरशेजारी एक, मधे तिघं आणि तिसऱ्या रांगेत एक असं बसा. तिसरी रांग अर्धी-अर्धी पडते, तिचा रिकामा अर्धा भाग पाडून तिथे बॅगा उभ्या लावा. डफल बॅगा वर, पायाशी, कुठेही दाबता येतात. कडक बॅगा दबत नाहीत, म्हणून घरून निघतानाच त्या दोनच ठेवा.

मावलं नाही तर दोन छोट्या गाड्या करा. प्रत्येक गाडीत एक मोठा माणूस, आणि घराची किल्ली पहिल्या सुटणाऱ्या गाडीत.

सामान खरंच हलकं असेल आणि दुपारची वेळ असेल तर मेट्रोही आहे. टर्मिनल २ स्थानकावरून मेट्रो ३ ने एकच स्थानक, मरोळ नाका. तिथे मेट्रो १ पकडून घाटकोपर, आणि पुढे मध्य रेल्वेची लोकल. पाठीवर एकेक पिशवी असलेल्या दोघा-तिघांना हे झकास. संध्याकाळी सहाला अक्रोडाची डफल घेऊन घाटकोपरच्या पुलावर चढायचा विचारही नको.

रस्ता

ठाण्याला दोन वाटा. एक मरोळ-मरोशीवरून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), पवई, गांधीनगर जंक्शन आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. अंतर कमी, पण संध्याकाळी साडेपाच ते नऊ पवई आणि गांधीनगरला गाडी सरकतच नाही. दुसरी वाकोला-कलिना बाजूने सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, अमर महाल आणि तिथून महामार्गाने घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड. ही लांब, पण गर्दीच्या वेळी पुष्कळदा लवकर पोचवते. नकाशात दोन्ही टाकून बघा. दहा मिनिटांच्या आतला फरक असेल तर दुसरी घ्या, कारण जेव्हीएलआर अडकला की बाहेर पडायला वाटच नसते.

आनंदनगर, ऐरोली, वाशी अशा मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही. बिलात तो दिसला तर विचारा.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याला जेव्हीएलआर आणि ऐरोली पूल. वाशी, नेरूळ, खारघरला चेंबूरमार्गे मानखुर्द आणि खाडीपूल.

मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीचे लोक माजिवड्याला पोचले की "आलोच" म्हणतात. तसं म्हणू नका. रात्री अवजड वाहनं सुटल्यावर घोडबंदर रस्त्याचा शेवटचा टप्पा पुष्कळदा महामार्गापेक्षा जास्त वेळ घेतो. मुलांना लघवीला जायचं असेल तर ते विमानतळावरच उरकून घ्या.

घरी

सोसायटीच्या गेटवर गाडीची नोंद अ‍ॅपवर लागत असेल तर मुलुंड ओलांडताना करून टाका. शेजाऱ्यांकडून दुधाची एक पिशवी आधीच सांगून ठेवा. जेवणाला मुगाची खिचडी, वर मेतकूट आणि पापड. आठवडाभर राजमा आणि मटण खाल्लेल्या पोटाला तेवढंच चालतं. नळाचं पहिलं पाणी दोन मिनिटं वाहू द्या.

सगळ्या बॅगा त्याच रात्री उघडायची गरज नाही, पण दोन उघडाच. ओल्या किंवा दमट कपड्यांची, कारण आपल्या दमट हवेत लोकरीला रात्रीत वास धरतो. आणि अक्रोडांची. सोललेला अक्रोडगर पिशवीत तसाच ठेवला की काही दिवसांत मऊ पडतो आणि पुढे खवट होतो. तो हवाबंद डब्यात भरून सरळ फ्रिजमध्ये. कवचासकटचे बाहेर राहिले तरी चालतात.